लारावेलमध्ये स्पाटीचं परमिशन पॅकेज बसवताना: तक्त्यापासून सर्व्हरपर्यंतचा क्रम

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमधल्या प्रोजेक्टमध्ये कोणी काय करायचं हे ठरवायची वेळ आली की बहुतेक टीम स्पाटीचं लारावेल-परमिशन पॅकेज घेतात. पॅकेज चांगलं आहे. चुकतो तो क्रम. आधी कंपोझर (पॅकेज आणणारं साधन) चालतो, मग यूजर मॉडेलवर ट्रेट (तयार मेथडचा संच) लागतो, मग ब्लेडमध्ये (पानांच्या टेम्प्लेटमध्ये) चार बटणं लपवली जातात आणि काम संपलं असं धरलं जातं. पुढे एका शाखेचा कर्मचारी यूआरएलमधला क्रमांक बदलतो आणि दुसऱ्या शाखेतल्या सभासदाचा कर्ज अर्ज त्याच्यासमोर उघडतो.

याचं कारण साधं आहे. हे पॅकेज एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: या माणसाला या प्रकारचं काम करायची मुभा आहे का? त्याला या नोंदीवर, या अवस्थेत ते काम करता येईल का, हा दुसरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुम्हालाच लिहावं लागतं. दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले तर पुढचं सगळं सोपं जातं.

उदाहरणासाठी सहकारी पतसंस्थेचं सॉफ्टवेअर घेऊ. अनेक शाखा, लिपिक, रोखपाल, शाखाधिकारी, मुख्य कार्यालय आणि लेखापरीक्षक असा त्याचा पसारा असतो. कमांड, फंक्शन आणि परमिशनची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती रोमनमध्येच येतील.

## १. आधी तक्ता, मग कोड

संपादक उघडण्याआधी एक स्प्रेडशीट उघडा. उभ्या रकान्यांत पदं आणि आडव्या ओळींत कामं लिहा. कामं स्क्रीनच्या नावांनी लिहू नका, क्रियापदांनी लिहा. ‘कर्ज पान’ हे काम नव्हे. अर्ज भरणं, अर्ज दुरुस्त करणं, मंजूर करणं, नाकारणं, रक्कम वितरित करणं आणि अर्ज फक्त पाहणं ही सहा वेगळी कामं आहेत.

प्रत्येक चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा. जिथे उत्तर ‘हो, पण…’ असं येतं, तिथे ते ‘पण’ पूर्ण लिहून ठेवा. शाखाधिकारी कर्ज मंजूर करतो, पण फक्त स्वतःच्या शाखेचं. पण स्वतः भरलेला अर्ज नाही. पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. ही सगळी वाक्यं पुढे पॉलिसीत, म्हणजे एकेका नोंदीवरच्या अटी तपासणाऱ्या क्लासमध्ये, जाणार आहेत, म्हणून ती आत्ताच मिळवायला हवीत.

तक्ता क्लायंटच्या व्यवस्थापकासमोर बसून भरा. फोनवर ‘नेहमीसारखंच ठेवा’ असं उत्तर मिळतं आणि नेहमीसारखं म्हणजे काय हे प्रत्येक संस्थेत वेगळं असतं. रोखपाल रजेवर असताना काउंटर कोण सांभाळतं, हे आवर्जून विचारा. पासवर्ड वाटून घ्यायची सवय तिथूनच लागते.

तपासा: प्रत्येक ओळीत किमान एक ‘हो’ आणि किमान एक ‘नाही’ आहे का? सगळीकडे ‘हो’ असेल तर त्या कामाला परमिशनची गरजच नाही, लॉगिन पुरेसं आहे.

## २. नावं ठरवा

तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक परमिशन, आणि प्रत्येक पद म्हणजे परमिशनची मोळी, म्हणजे रोल. कोडमध्ये विचारायचं ते परमिशनबद्दल. रोलचं नाव सीडरमध्ये (सुरुवातीचा डेटा भरणाऱ्या कोडमध्ये) आणि कर्मचाऱ्याला पद देण्याच्या स्क्रीनवर दिसावं, इतर कुठेही नाही. ‘हा शाखाधिकारी आहे का?’ असं कंट्रोलरमध्ये विचारलं की उद्या ‘सहायक शाखाधिकारी’ हे पद आल्यावर अशा सगळ्या जागा शोधत फिरावं लागतं. ‘याला कर्ज मंजूर करता येतं का?’ असं विचारलं असेल तर नव्या पदाला एक परमिशन जोडली की झालं.

नावात टिंब ठेवा: कर्ज.पाहा, कर्ज.भर, कर्ज.मंजूर. हा केवळ शिस्तीचा भाग नाही. या पॅकेजमध्ये टिंब नसलेलं नाव एका मोठ्या खड्ड्यात नेतं, तो सातव्या टप्प्यात पाहू.

शाखेचं नाव किंवा रकमेची मर्यादा परमिशनच्या नावात घालू नका. ‘कर्ज.मंजूर.पन्नास-हजार’ असं सुरू झालं की प्रत्येक वार्षिक सभेनंतर नवी परमिशन तयार करावी लागते. मर्यादा हा डेटा आहे, तो टेबलमध्ये ठेवा.

सगळी नावं पीएचपीच्या एका ईनममध्ये (ठरलेल्या नावांच्या यादीत) लिहा. त्याला ठोस कारण आहे. ‘कॅन’ला, म्हणजे परमिशन आहे का हे विचारणाऱ्या मेथडला, चुकीच्या स्पेलिंगचं नाव दिलं तर तो एरर देत नाही, शांतपणे ‘नाही’ म्हणतो. आणि डेव्हलपर दिवसभर सुपर अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असेल तर त्याला सगळीकडे ‘हो’ मिळत राहतं. चूक थेट काउंटरवर बसलेल्या लिपिकाला दिसते.

## ३. मायग्रेशन चालवण्याआधीची पाहणी

मायग्रेशन म्हणजे डेटाबेसची टेबलं बांधणारा कोड. या टप्प्यात घाई केली तर नंतर टेबलं पाडून पुन्हा बांधावी लागतात.

यूजर्स टेबलमध्ये ‘रोल’ नावाचा कॉलम आहे का ते बघा. जुन्या प्रोजेक्टमध्ये तो हमखास असतो. यूजर मॉडेलवर रोल, रोल्स, परमिशन किंवा परमिशन्स या नावाची प्रॉपर्टी, मेथड किंवा कॉलम असलेला या पॅकेजला चालत नाही. कॉलम लगेच उडवू नका. त्याला ‘जुनं पद’ अशा अर्थाचं नाव द्या, त्यावरून नवे रोल नेमा, पडताळा करा आणि मगच तो काढा.

मग गार्ड, म्हणजे यूजरचं लॉगिन कोणत्या मार्गाने तपासायचं याची व्यवस्था. प्रत्येक रोल आणि परमिशनसोबत गार्डचं नाव साठवलं जातं. परमिशन ‘एपीआय’ गार्डखाली तयार झाली आणि यूजर ‘वेब’ गार्डचा असेल तर नेमणूक करतानाच ‘गार्ड डझ नॉट मॅच’सारखा एक्सेप्शन येतो. वेबसाइट आणि मोबाइल अ‍ॅप दोन्ही एकाच यूजर मॉडेलवर चालत असतील तर मॉडेलमध्ये गार्डनेम ही प्रॉपर्टी ‘वेब’ अशी ठरवून टाका आणि सगळ्या परमिशन त्याच गार्डखाली करा. दोन गार्डसाठी परमिशनचे दोन संच ठेवले की एक संच कायम मागे राहतो.

यूजरची प्रायमरी की यूयूआयडी (अक्षरं आणि अंकांची लांब ओळख) असेल तर पॅकेजच्या मायग्रेशनमधल्या मॉडेल आयडीच्या कॉलमचा प्रकार आधी बदला. मूळ मायग्रेशन साधा पूर्णांक धरून लिहिलेलं आहे.

उरला टीम्सचा प्रश्न, आणि तो शाखांमुळे येतो. पॅकेजमध्ये ‘टीम्स’ नावाची सोय आहे: एकच माणूस एका टीममध्ये एका रोलवर आणि दुसऱ्या टीममध्ये दुसऱ्या रोलवर राहू शकतो. शाखा दिसल्या की ही सोय लगेच चालू करायचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: एकच माणूस दोन शाखांत दोन वेगळ्या पदांवर खरोखर काम करत असेल तरच टीम्स घ्या. प्रत्येकाची शाखा एकच असेल तर यूजरवर शाखेचा क्रमांक आणि पॉलिसीत एक तुलना एवढं पुरतं. टीम्स घेतलं की प्रत्येक रिक्वेस्टमध्ये चालू टीम सांगावी लागते. क्यूमधल्या जॉबमध्ये (रिक्वेस्टबाहेर मागे चालणाऱ्या कामात) ती स्वतः भरावी लागते. टीम बदलली तर यूजरवर आधी लोड झालेली रोल आणि परमिशनची रिलेशन काढून टाकावी लागतात, नाहीतर आधीच्या शाखेचे अधिकार त्या रिक्वेस्टमध्ये तसेच राहतात.

सावधान: टीम्स हवंच असेल तर कॉन्फिगमध्ये ते आधी चालू करा, मग मायग्रेशन चालवा. नंतर जोडण्यासाठी ‘परमिशन:सेटअप-टीम्स’ ही कमांड आहे, पण भरलेल्या टेबलांवर ती वेळ न आणलेली बरी.

## ४. इन्स्टॉल

क्रम असा: कंपोझरने पॅकेज आणा. ‘व्हेंडर:पब्लिश’ने कॉन्फिग आणि मायग्रेशनची फाइल प्रोजेक्टमध्ये घ्या. तिसऱ्या टप्प्यातले निर्णय या दोन फाइलींत उतरवा. ‘कॉन्फिग:क्लियर’ चालवा. मग मायग्रेट. शेवटी यूजर मॉडेलवर ‘हॅजरोल्स’ ट्रेट लावा.

‘कॉन्फिग:क्लियर’ विसरलात तर कॉन्फिग लोड झालेलं नाही असं सांगून मायग्रेशन अडतं. अशा वेळी लोक मायग्रेशन फाइलमध्ये टेबलांची नावं हाताने लिहून मोकळे होतात. तसं करू नका, कॅशे साफ करा.

तपासा: डेटाबेसमध्ये पाच नवी टेबलं दिसायला हवीत: रोल्स, परमिशन्स आणि त्यांना जोडणारी तीन. टिंकरमध्ये (लारावेलच्या कमांड-लाइन कन्सोलवर) एक परमिशन तयार करून एका यूजरला द्या आणि ‘कॅन’ने विचारा. ‘हो’ आलं तरच पुढे जा.

## ५. सीडर

तक्ता आता कोडमध्ये उतरतो. सीडर कितीही वेळा चालवला तरी परिणाम एकच राहील असा लिहा. परमिशनसाठी ‘फाइंड ऑर क्रिएट’ आणि रोलच्या मोळीसाठी ‘सिंक परमिशन्स’ वापरा. ‘गिव्ह परमिशन टू’ फक्त भर घालतं. तक्त्यातून तुम्ही काढलेली परमिशन त्याने निघत नाही.

सीडरच्या पहिल्याच ओळीत परमिशनचा कॅशे विसरायला सांगा. सीडरवर ‘विदाउट मॉडेल इव्हेंट्स’ हा ट्रेट असेल तर परमिशन तयार झाल्यावर आणि रोलला जोडण्याआधी पुन्हा एकदा कॅशे साफ करा. कॅशे आपोआप साफ होतो तो मॉडेलच्या इव्हेंटवर, आणि या ट्रेटने ते इव्हेंट बंद केलेले असतात. परमिशन टेबलमध्ये दिसते पण कोड म्हणतो सापडत नाही, हे कोडं बरेचदा इथेच सुटतं.

एक निर्णय इथेच घ्या: रोलमध्ये कोणत्या परमिशन आहेत हे सीडर ठरवणार की क्लायंटचा अ‍ॅडमिन स्क्रीनवरून ठरवणार? दोघांनाही मुभा दिली तर पुढच्या डिप्लॉयमेंटला सीडर अ‍ॅडमिनचे बदल पुसून टाकेल. पतसंस्थेसारख्या ठिकाणी मी मोळी सीडरमध्येच ठेवतो आणि अ‍ॅडमिनला फक्त माणसाला पद देऊ देतो.

तपासा: ‘परमिशन:शो’ ही आर्टिझन कमांड रोल आणि परमिशनचा तक्ता टर्मिनलवर काढते. तो पहिल्या टप्प्यातल्या स्प्रेडशीटशेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवा.

## ६. दारावरची तपासणी

लारावेल ११ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये कर्नेलची फाइल नाही. पॅकेजच्या मिडलवेअरची (रिक्वेस्ट कंट्रोलरकडे जाण्याआधी चालणाऱ्या तपासणीची) टोपणनावं बूटस्ट्रॅप फोल्डरमधल्या अ‍ॅप फाइलमध्ये स्वतः नोंदवावी लागतात. जुना लेख बघून कोड चिकटवत असाल तर नेमस्पेस पाहा: पॅकेजच्या सहाव्या आवृत्तीपासून तो ‘मिडलवेअर’ असा एकवचनी आहे, आधी ‘मिडलवेअर्स’ होता. एका अक्षरासाठी क्लास सापडत नाही.

राउट एकेक करून बंद करण्यापेक्षा सगळा गट आधी लॉगिनमागे ठेवा आणि मग प्रत्येक राउटवर त्याची परमिशन लावा. नवा राउट जोडताना परमिशन विसरली तर ते टेस्टमध्ये पकडता यावं, म्हणून राउटची यादी काढून परमिशन नसलेले राउट दाखवणारी छोटी टेस्ट लिहून ठेवा.

सावधान: मिडलवेअरमध्ये उभ्या रेघेने दोन परमिशन लिहिल्या तर त्याचा अर्थ ‘यापैकी एक’ असा होतो. दोन्ही हव्या असतील तर मिडलवेअर दोनदा लावा.

ब्लेडमधलं ‘कॅन’ हे सोयीसाठी आहे. बटण लपवलं तरी त्यामागचा राउट उघडाच असतो, आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून रिक्वेस्ट पुन्हा पाठवायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

## ७. नोंदीवरची तपासणी: पॉलिसी

खरं संरक्षण इथे आहे आणि सर्वांत कमी वेळ इथेच दिला जातो.

कर्ज अर्जासाठी लारावेलची पॉलिसी तयार करा. मंजुरीच्या मेथडमध्ये पहिल्या टप्प्यातले सगळे ‘पण’ ओळीने येतात. यूजरकडे कर्ज.मंजूर ही परमिशन आहे का. अर्जाची शाखा आणि यूजरची शाखा एकच आहे का. अर्ज ‘प्रलंबित’ अवस्थेत आहे का. रक्कम त्याच्या मर्यादेत आहे का. आणि अर्ज भरणारा तो स्वतः नाही ना.

शेवटची अट आणखी नीट बघायला हवी. अर्ज तयार करणाऱ्याचा क्रमांक तपासला की भरणारा आणि मंजूर करणारा वेगळे ठेवल्याचं समाधान मिळतं. पण शाखाधिकाऱ्याने लिपिकाचा अर्ज उघडून रक्कम बदलली आणि मग मंजूर केला तर? नोंदीवर तयार करणारा लिपिकच आहे, आकडा मात्र अधिकाऱ्याचा आहे. म्हणून अर्जाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवा आणि मंजूर करणारा त्या यादीत असेल तर नकार द्या. ‘कर्ज.दुरुस्त’ ही परमिशन शाखाधिकाऱ्याला न देणं हा आणखी सोपा उपाय आहे. चूक दिसली तर त्याने अर्ज लिपिकाकडे परत पाठवावा.

आता टिंबाचा मुद्दा. हे पॅकेज लारावेलच्या गेटवर, म्हणजे परवानगीचे प्रश्न जिथून जातात तिथे, स्वतःची एक ‘बिफोर’ तपासणी नोंदवतं. ‘कॅन’ला दिलेल्या नावाची परमिशन यूजरकडे असेल तर ती तपासणी तिथेच ‘हो’ म्हणते आणि पॉलिसीपर्यंत प्रश्न पोचतच नाही. तुमच्या परमिशनचं नाव ‘मंजूर’ आणि पॉलिसीच्या मेथडचं नावही ‘मंजूर’ असेल तर शाखा, रक्कम, भरणारा यांपैकी एकही अट चालत नाही. कुठलाही एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. पीएचपीच्या मेथडच्या नावात टिंब येऊ शकत नाही, त्यामुळे ‘कर्ज.मंजूर’ अशा नावाने ही टक्कर कधीच होत नाही.

तपासा: पॉलिसीच्या प्रत्येक मेथडच्या पहिल्या ओळीत तात्पुरता लॉग टाका आणि योग्य परमिशन असलेल्या साध्या यूजरने ते काम करून बघा. लॉग आला नाही तर पॉलिसी चाललीच नाही.

मंजुरीच्या व्यवहारात अवस्था दोनदा तपासा: एकदा पॉलिसीत आणि पुन्हा ट्रँझॅक्शनमध्ये ओळ लॉक केल्यावर. दोन टॅबमधून एकाच क्षणी बटण दाबलं गेलं तर दोन्ही रिक्वेस्टना पॉलिसी ‘हो’च म्हणेल.

## ८. याद्या, एक्सपोर्ट आणि फाइली

पॉलिसी एका नोंदीचा निवाडा करते. यादीचं पान, शोध, डॅशबोर्डवरची बेरीज आणि एक्सेलचा एक्सपोर्ट यांना ती लागू होत नाही. त्यासाठी मॉडेलवर ‘या यूजरला दिसणारे’ अशा अर्थाचा एक स्कोप (क्वेरीवरची ठरलेली गाळणी) लिहा आणि प्रत्येक क्वेरी त्यातूनच काढा. एक्सपोर्ट वेगळ्या जॉबमध्ये चालत असेल तर तिथे लॉगिन असलेला यूजर नसतो. तेव्हा जॉबला यूजर सोबत द्या आणि स्कोप त्याच्यावर लावा.

सभासदांच्या आधार आणि पॅन कार्डाच्या प्रती कुठे साठवल्या आहेत ते आज बघा. त्या पब्लिक डिस्कवर असतील तर वर लिहिलेली एकही तपासणी त्यांना लागू नाही, लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल उघडते. त्या खासगी डिस्कवर हलवा आणि पॉलिसी विचारणाऱ्या कंट्रोलरमधूनच द्या.

## ९. सुपर अ‍ॅडमिन

गेटच्या ‘बिफोर’मध्ये सुपर अ‍ॅडमिनसाठी ‘ट्रू’ परत करा आणि बाकीच्यांसाठी ‘नल’. इथे ‘फॉल्स’ लिहिलं तर इतरांना पॉलिसी चालण्याआधीच नकार मिळतो, कारण ‘फॉल्स’ हा अंतिम नकार असतो.

‘हॅज परमिशन टू’ गेटमधून जात नाही, त्यामुळे ते सुपर अ‍ॅडमिनलाही ‘नाही’ म्हणू शकतं. तपासणी सगळीकडे ‘कॅन’नेच करा.

पैशांच्या कामात ‘बिफोर’ वापरूच नये असं मला ठामपणे वाटतं. त्याने सातव्या टप्प्यातल्या सगळ्या अटी ओलांडल्या जातात आणि सुपर अ‍ॅडमिन स्वतः भरलेला अर्ज स्वतःच मंजूर करू शकतो. त्याऐवजी गेटचं ‘आफ्टर’ घ्या. पॉलिसीने दिलेला नकार ते बदलत नाही. त्याहून बरं म्हणजे तांत्रिक अ‍ॅडमिनला यूजर आणि सेटिंगच्याच परमिशन द्या, कर्जाच्या नकोत.

## १०. टेस्ट

तक्त्यातली प्रत्येक चौकट एक टेस्ट व्हायला हवी, आणि ‘नाही’च्या चौकटी जास्त महत्त्वाच्या आहेत. रोखपालाने मंजुरीची रिक्वेस्ट पाठवली तर ४०३ (परवानगी नाही) यायला हवा आणि डेटाबेसमधली अवस्था बदललेली नसावी. दोन्ही तपासा. त्यानंतर ‘पण’च्या टेस्ट: दुसऱ्या शाखेचा अर्ज, स्वतःचा अर्ज, मर्यादेपेक्षा एक रुपया जास्त.

टेस्टच्या सुरुवातीला परमिशनचा कॅशे साफ करा, नाहीतर आधीच्या टेस्टमधली उरलेली माहिती पुढच्या टेस्टला उगाच पास किंवा नापास करते. सुपर अ‍ॅडमिन म्हणून एकही टेस्ट लिहू नका, फक्त सुपर अ‍ॅडमिनच्या मर्यादा तपासणाऱ्या सोडून.

## ११. सर्व्हरवर आणि त्यानंतर

डिप्लॉयमेंटचा क्रम: मायग्रेट, सीडर, ‘परमिशन:कॅशे-रीसेट’. परमिशनचा कॅशे मूळ सेटिंगप्रमाणे २४ तास टिकतो. पॅकेजच्या मेथडनी रोल किंवा परमिशन बदलली तर तो आपोआप साफ होतो. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून थेट टेबलमध्ये बदल केला तर होत नाही. ‘काल परमिशन काढली, तरी आज सकाळी त्याला दिसतंय’ ही तक्रार आली की आधी कोणी टेबलला हात लावला का ते विचारा.

अ‍ॅप दोन सर्व्हरवर चालत असेल आणि कॅशे फाइलमध्ये असेल तर प्रत्येक सर्व्हरचा कॅशे वेगळा असतो आणि एकावरचा रीसेट दुसऱ्याला कळत नाही. अशा वेळी रेडिससारखा सामाईक कॅशे घ्या. उलट, दोन वेगळी अ‍ॅप एकाच रेडिसवर असतील तर प्रत्येकाचा कॅशे प्रीफिक्स वेगळा ठेवा, नाहीतर एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या परमिशन मिळतात.

पद देण्याच्या स्क्रीनकडे शेवटी पुन्हा वळा. कोणाला कोणतं पद देता येईल याचीही पॉलिसी लागते, नाहीतर शाखाधिकारी फॉर्ममध्ये रोलचा क्रमांक बदलून मुख्य कार्यालयाचं पद स्वतःला देऊ शकतो. आणि बढती किंवा बदलीच्या वेळी ‘असाइन रोल’ नको, ‘सिंक रोल्स’ वापरा. ‘असाइन रोल’ जुनं पद काढत नाही. लिपिकाचा शाखाधिकारी झालेला माणूस मग अर्ज भरण्याच्या आणि मंजूर करण्याच्या दोन्ही मोळ्या घेऊन बसतो, आणि त्याला अडवायला फक्त सातव्या टप्प्यातली शेवटची अट उरते.